वडिलांचं पान

एकाहत्तरच्या लढाईत वडील पाकिस्तानच्या कैदेत गेले, तेव्हा मी आईच्या पोटात होतो. तिकडच्या रेडिओवर युद्धकैद्यांची नावं सांगत. त्यांत वडिलांचं नाव आईनं स्वतः ऐकलं होतं. बाकीचे कैदी सुटून आले, वडील आले नाहीत. आईनं कुंकू पुसलं नाही, श्राद्धही करू दिलं नाही. यंदा मात्र तीच म्हणाली, “दिगू, माझ्यामागे ह्यांची वाट कोण पाहणार? सर्वपित्रीला ह्यांचंही पान वाढ.” देवासच्या घराच्या गच्चीवर मी खीर-वड्यांचं पान ठेवलं. लगेच कावळा उतरला. “चलो, बाबूजी तृप्त झाले,” बायको म्हणाली आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आई धापा टाकत जिना चढून आली, पदर झटकून तिनं कावळ्याला हुसकलं आणि ते उष्टं पान छातीशी धरलं. “अरे, हे तिकडे उपाशी असतील, आणि तू कावळ्याला खाऊ घालतोस?”