बाहेरची कडी
संध्याकाळी दारफाळणीचा सण लागणार होता. दारं लावून, पांढरे कपडे घालून, उद्या तारे दिसेपर्यंत उपास करायचा आणि देवाकडे माफी मागायची, असा आम्हा बेने इस्राएलांचा हा सण. पण माणसाचं वाईट केलं असेल, तर आधी त्या माणसाची माफी मागावी लागते. म्हणून माझा धाकटा भाऊ रूबेन तिसऱ्यांदा माझ्यापुढे उभा होता. "ताई, माफ कर ना." तीनदा मागूनही मी नाही म्हटलं, तर रिवाजाप्रमाणे हा सुटला, म्हणून तर मोजून तीनदा. आई भ्रमिष्ट झाली तेव्हा हा तिला खोलीत कोंडून पिरंगुटला कामावर जायचा आणि मला फोनवर ‘आई मजेत आहे’ सांगायचा. शेजारच्या चंद्राबाई आई गेल्यावर बोलल्या, "दिसभर दार बडवायची वो म्हातारी. आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय." "आईची माफी मागितलीस?" मी विचारलं. "आई आहे कुठं आता?" "तिची खोली आहे ना. उपास तिथं कर." सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्यानं तो आत गेला. दार ओढलं आणि चाचपडत राहिला. दाराला आतून कडीच नव्हती. आईनं लावून घेऊ नये म्हणून त्यानंच ती काढून बाहेर बसवली होती. ती कडी मी घातली. दार हललं. "ताई? ताई, उघड!" "बडव हवं तेवढं," मी म्हणाले. "तुझं ऐकायला बाहेर कोणीतरी आहे."