दारात थांबणारा मामा

भाचीच्या पत्राला उस्ताद वजीहनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र थंडीत आलं होतं आणि आता ईद तोंडावर होती. 'ईदनंतर माझं लग्न. बाबा नाहीत, भाऊ नाही. मामा, हॉलच्या दारातून आत माझा हात धरून तुम्हीच न्याल ना?' एवढंच निहालनं विचारलं होतं. त्यावर उस्तादांनी नकाराचे इतके सुंदर मसुदे लिहिले, की त्यातला एकही पाठवावासा वाटेना. शेवटी मन्सूराहून तिचाच फोन आला, तेव्हा त्यांनी पोस्टावर खापर फोडलं. "पाठवलंय गं मी. आपलं पोस्ट तुला माहीतच आहे." जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे कान लाल झाले. फोनवर कान दिसत नाहीत, हे एक बरं.

त्यांना कंपवात होता. हात थरथरायचा, त्याचं ते फारसं मनावर घेत नसत. अडचण होती दारांची. मोकळ्या जागेत पाय जमेल तसे चालायचे, पण दार आलं की जमिनीला चिकटायचे. हॉलचं दार, मागे सगळं गोत आणि नवरीचा हात धरून खांबासारखा उभा मामा, हे चित्र त्यांना झोपेतही दिसे.

आताही ते दारापुढेच उभे होते. अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी भागातलं हे उपचार केंद्र. छताच्या रुळावरून लोंबणाऱ्या पट्ट्यांत त्यांचं अंग जखडलेलं आणि पुढ्यात लाकडी चौकट, खास त्यांच्यासाठी आणून ठेवलेली. पलीकडे डॉक्टर इंजी हात पुढे करून उभी होती.

"या उस्ताद. पडणार नाही तुम्ही. पट्टे आहेत."

"पडायची भीती नाही, डॉक्टर. न पडता नुसतं उभं राहायची आहे."

इंजीनं टकटक वाजणारं यंत्र सुरू केलं. ठोक्याला एक पाऊल. उस्ताद ठोके मोजायला लागले आणि मोजण्यात असे रमले, की पाऊल टाकायचं राहूनच गेलं.

भिंतीशी पत्र्याच्या बाकावर हाजी बसयूनी आपल्या पाळीची वाट बघत होते. मासळीचे लिलाव पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अर्धांगवायूनं डावी बाजू नेली, जीभ मात्र तशीच ठेवली.

"इंजीबेटा, हा मासा काट्याला कधीचा लटकलाय. वजन तरी कर, नाहीतर सोड बिचाऱ्याला!"

"हाजी, तोंड बंद."

"बंद. हात आहे ना अजून एक."

आणि उजव्या हातानं त्यांनी बाकावर ताल धरला. वरातीचा ताल. लग्नांचा वार म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी गल्लीगल्लीतून ऐकू येणारा. उस्तादांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. चौकट मागे पडली, तरी त्यांना पत्ता नव्हता.

इंजीनं टाळ्या वाजवल्या. उस्ताद मात्र डोळे पुसत होते.

"आता रडायला काय झालं?" हाजी म्हणाले. "लेक सासरी चाललीय का?"

"चाललीय," उस्ताद म्हणाले. आणि मग पत्राचं, फोनचं, दाराचं, सगळंच सांगून टाकलं.

हाजींनी कपाळावर हात मारला. "उस्ताद, एवढी पुस्तकं वाचलीत, कधी एखादं लग्न पाहिलंत का?"

"पाहिलीत की. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून."

"तरीच! सांगा बरं, वरात दाराशी आली की काय होतं?"

उस्ताद आठवू लागले. डफवाले दार अडवतात. तुतारी वाजते. मावशा नाचायला लागतात, बायका जिभा हलवून लुलुलु करतात. आतले भुकेले पाहुणे ओरडतात. आणि कुणीही हलत नाही.

"सगळेच थांबतात," ते पुटपुटले.

"माझ्या थोरलीच्या लग्नात मी नाही थांबलो. पाय धड होते ना तेव्हा! पोरीला ओढत तडक आत गेलो. बायको अजून ऐकवते, लेकीची वरात काढलीत की मासळीची टोपली उचललीत?"

उस्ताद हसले. मग इंजीकडून कागद घेऊन, मसुदा न करता, किरट्या अक्षरात त्यांनी उत्तर लिहिलं.

पोस्ट कोपऱ्यावरच होतं. तिथवर पट्टे पोचणार नव्हते. हाजींनी डावा पाय ओढत आपला चांगला हात त्यांच्या हातात अडकवला, मागे इंजी चालू लागली. दोन म्हातारे हातात हात घालून रमतगमत चाललेत. या शहरात त्यांच्याकडे वळून कोण बघतंय? पण पोस्टाचं दार आलं आणि उस्तादांचे पाय चिकटले. हाजींचा ताल धरायचा हात तर उस्तादांच्याच काखेत अडकलेला. मागे माणसं जमली.

"डुम! टका-टक!" हाजींनी तोंडानंच सुरुवात केली. मागच्या कुणीतरी टाळी धरली. आत पेन्शनच्या रांगेतले म्हातारे काठ्या आपटायला लागले. एका बाईनं लुलुलु केलं.

"लग्न कुणाचं हो?" खिडकीतून कारकुनानं विचारलं.

"तू शिक्का मार!" हाजी ओरडले.

उस्ताद आत पोचले. कारकुनानं शिक्का मारला आणि पत्र पोत्यात टाकलं. त्यात लिहिलं होतं:

'उशीर झाला त्यात पोस्टाचा काही दोष नाही. येतोय. पण डफवाले भरपूर बोलाव आणि दारातच वाजवत ठेव. त्याशिवाय तुझा मामा आत पाऊल टाकणार नाही.'