वडिलांचा होकार

“आता तुझ्या वडिलांनाच विचारू या,” लॅपटॉपमधल्या बेथनबाई वेल्शमध्ये म्हणाल्या, आणि पर्णिकेने वडिलांना हाक मारली.

मुलाखत इथवर झकास झाली होती. वेल्समधल्या त्या कॉलेजात शेती आणि रानाची निगा शिकवत, तीही सगळी वेल्शमधून. पण पर्णिका पडली सतरा वर्षांची. वडिलांनी हो म्हटल्याशिवाय प्रवेश नाही.

सत्यजित कोरगावकर शेजारी येऊन बसले. घर शारजात रोल्लाला, नोकरी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. रोज सकाळी ते पर्णिकेला दुबईच्या शाळेत सोडत. ट्रॅफिकमध्ये दुसरं करण्यासारखं काही नसे, म्हणून दोन वर्षं ती गाडीच्या स्पीकरवर वेल्शचे धडे लावून घोकायची. सत्यजित तेवढा वेळ पुढच्या गाडीवर खेकसत असत.

“शेती इंग्लिशमधून कर की,” ते कालच म्हणाले होते. “मी मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देतेस. आणि तिकडच्या मेंढपाळाशी मात्र त्याच्या भाषेत बोलायचंय?”

“बट पप्पा, दॅट्स हाउ दे टॉक अबाउट देअर लँड,” एवढं बोलून ती ढसाढसा रडली होती. ते उठून आत गेले होते.

बाईंनी इंग्लिशमध्ये विचारायची तयारी दाखवली. सत्यजित हट्टाला पेटले. “मी मराठीतच बोलणार. तू सांग त्यांना.”

बाईंना ते फार आवडलं. कर भाषांतर, म्हणाल्या, तेवढीच तुझीही परीक्षा.

“सांग, एकुलती एक पोर आहे. आम्हाला हे पटलेलं नाही. पाठवणार नाही. खलास.”

पर्णिकेने त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मनात जपलेलं सगळं त्या एका शब्दात संपत होतं. जीव मुठीत धरून ती वेल्शमध्ये म्हणाली, “वडिलांना खूप आनंद झालाय. ते मला पाठवायला तयार आहेत.”

बेथनबाई हसल्या नाहीत. त्या सत्यजितांचा चेहरा न्याहाळत होत्या.

“आनंद झालेला दिसत तर नाही. पुन्हा विचार. खरंच पाठवणार का?”

पर्णिका वडिलांकडे वळली. इंग्लिशमध्ये बोलली असती तर बाईंना कळलं असतं. म्हणून कधी नव्हे ते मराठीत, अडखळत ती म्हणाली, “पप्पा, त्या विचारतात... इकडे गरम किती आहे?”

सत्यजितांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग स्क्रीनकडे वळून, एकेक शब्द जुळवत, ते वेल्शमध्ये म्हणाले, “आनंद नाही झाला. मुलगी खोटं बोलते. पण पाठवतो.”