पाळण्यावरचं प्लॅस्टिक

कामगार कायद्याची तपासणी करायला आलेल्या वैजयंतीला शिलाई कारखान्याच्या मॅनेजरनं सगळ्यात आधी पाळणाघर दाखवलं.

"दोन वर्षं अगदी व्यवस्थित चालू आहे, मॅडम," तो छाती फुगवून म्हणाला.

एका पाळण्यात तान्हं बाळ झोपलं होतं. वैजयंतीनं हलकेच झोका दिला, तर हाताला प्लॅस्टिक लागलं. दांडीवरचं वेष्टणसुद्धा कुणी काढलं नव्हतं! तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणे दोन वर्षं! तोंड वर करून सांगतोय मेला!

तेवढ्यात मशीनवरची एक बाई धावत आली आणि बाळाला पदराखाली घेऊन बसली. मॅनेजर नजर वळवून बाहेर गेला, तशी ती हळूच म्हणाली,

"ताई, तुम्ही येणार म्हणून आज लेकराला आणू दिलं. उद्या पण याल का हो?"