डाळमिलमधली खंडेनवमी

आळंदच्या डाळमिलचा मॅनेजर बालाजी गुलबर्ग्याहून ट्रेनिंग घेऊन आला तो एकच मंत्र घोकत: मशीन असो की माणूस, टीममध्ये सगळे सारखे. खंडेनवमीला त्यानं डाळ निवडणाऱ्या नव्या मशीनला स्वतः हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला.

"पूजलेलं हत्यार आज चालवायचं न्हाई," तो मिलमधल्या सहा बायांना म्हणाला. "पर गाडी दुपारी जायाची हाय. चार पोती तेवढी हातानं निवडा."

मशीन यायच्या आधी वीस वर्षं डाळ निवडलेली नागूबाई उठली आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. "अण्णा, आमचं हत्यार ह्येच. सगळे सारखे म्हणलाव न्हवं?"

ट्रेनिंगचं चीज झालं म्हणून बालाजी हरखला. बाराही तळव्यांना त्यानं हळदकुंकू लावलं, वर फोटो काढला.

मग सहाही जणी मशीनशेजारी ऐसपैस टेकल्या, आणि नागूबाईनं डाळीचं सूप पायानं त्याच्याकडं सरकवलं.

"तुमच्याच हातांची पूजा तेवढी ऱ्हायली बगा, अण्णा. बसा निवडायला. गाडी दुपारी जायाची हाय."