रेघेवर पाय नको

कोच वर्लिन चुन्याच्या रेघेपाशी आले आणि थांबले. त्यांचा दंड धरून चाललेली त्यांची मुलगी रोंडाही थांबली. बाकांवर बसलेलं अख्खं गाव पुढे झुकून बघू लागलं.

ही रेघ मैदानाच्या कडेने जाते. चेंडू आत पडला की बाहेर, ते ती ठरवते. बेसबॉल खेळणारे मैदानात जाता-येता तिच्यावर पाय देत नाहीत, अपशकुन होतो म्हणतात. कोचांनी तर या शाळेतल्या मुलांना, आणि पुढे सॉफ्टबॉल सुरू झाल्यावर मुलींनाही, चेंडू धरायच्या आधी रेघ ओलांडायला शिकवलं होतं. आज गावाने कोटांवरून जे टी-शर्ट चढवले होते, त्यांच्या पाठीवर तेच छापलं होतं : ‘रेघेवर पाय नको.’ मार्चचा वारा असा होता, की कोट काढायची कोणाची छाती नव्हती.

सामना नावापुरताच, आणि मध्येच तो थांबवून कोचांना मानाने मैदानात बोलावलं होतं. खरा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. मुलंमुली मिसळून खेळत होती, तंबूत राजम्याची गरम चिली आणि दालचिनीचे रोल विकले जात होते, आणि जमतील ते पैसे कोचांच्या औषधपाण्याला जायचे होते. सॉफ्टबॉलवाली टेगन मुलांना बेसबॉलहून मोठा असलेला आपला चेंडू टाकत होती आणि चुकणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, “एवढा मोठा चेंडू, तरी दिसेना होय रे? कलिंगड आणू का?”

सगळे हसले होते. रोंडा नाही. शेजारच्या गावात आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक घर होतं. तिथून सकाळीच फोन आला होता : खोली रिकामी झालीय, दुपारपर्यंत हो की नाही ते कळवा, मागे रांग आहे.

गेल्या महिन्यात एका पहाटे कोच घरातल्या चपलांवर कापलेल्या मक्याच्या शेतात उभे सापडले होते. तेव्हापासून रोंडा दाराला खुर्ची लावायची आणि त्याच खुर्चीत झोपायची. त्यांनी तिला नावाने शेवटची हाक कधी मारली, ते तिलाही आठवत नव्हतं. विसरायचं काम आता घरात दोघांनी वाटून घेतलं होतं.

सकाळी फाटकापाशी त्यांना गाडीतून उतरवताना तिने मनातल्या मनात कौल लावला होता. त्यांनी रेघेवर पाय दिला, तर खोली घ्यायची. नाही दिला, तर नाही.

“चल ना, डॅड,” ती पुटपुटली. पण तिने त्यांना ओढलं नाही.

कोचांनी खाली पाहिलं. भुवया जवळ आल्या. मग त्यांनी उजवा पाय पार गुडघ्याइतका उचलला, उंबरा ओलांडावा तसा पलीकडे ठेवला, आणि त्याच्यामागून डावा. बुटाला चुन्याचा कण लागला नाही.

गाव उठून उभं राहिलं. टोप्या उडाल्या. कोचांचा जुना खेळाडू आणि आता त्यांच्या जागी आलेला डॅरेल रडत रडत धावत आला. “बघितलंस ना, रोंडा? अगं, आहेत ते आत! कुठे गेलेले नाहीत!”

“बघितलं रे,” रोंडा म्हणाली. “बघितलं.”

वडिलांना त्याच्याकडे सोपवून ती बाकांच्या मागे गेली आणि तिने फोन लावला. “खोली नको. पुढच्यांना देऊन टाका. माझे वडील घरीच राहतील.”

“नक्की ना?” पलीकडची बाई म्हणाली. “परत कधी मिळेल, सांगता येत नाही हं.”

“नक्की.”

मग तिने दालचिनीचा एक रोल उभ्या उभ्या संपवला आणि बोटंसुद्धा चाटली.

गाडी शाळेमागच्या पार्किंगमध्ये पार टोकाला होती. दोघं निघाले. “उन्हाळ्यात तुला रोज मैदानावर आणीन, डॅड,” ती सांगत होती. “डॅरेलची पोरं कशी ढिली उभी राहतात, ते तूच बघ आणि तूच झाप त्यांना.”

तिच्या हाताला झटका बसला. कोच थांबले होते.

डांबरावर गाड्यांच्या जागा आखणारी पांढरी पट्टी होती. कोचांनी खाली पाहिलं. भुवया जवळ आल्या. त्यांनी उजवा पाय गुडघ्याइतका उचलला, पलीकडे ठेवला, आणि त्याच्यामागून डावा. थोडं चालले, की पुढची पट्टी. तिथेही तेच. तिच्यापुढच्या पट्टीलाही तेच.

गाडीपर्यंत नुसत्या पट्ट्याच होत्या.

रोंडा पुढच्या पट्टीवर जाऊन दोन्ही पाय रोवून उभी राहिली. मागे वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

कोचांनी घाईघाईने तिचा कोपर धरला. परक्या बाईला आधार द्यावा तसा, अगदी अदबीने.

“सांभाळा हं, बाई,” ते म्हणाले. “पायरी आहे.”