बारमाही

उभा जन्म कपडे शिवलेल्या टेलर मास्तरांना म्हातारपणी नुसते रंगांचे ठिपके दिसत. म्हणून तर त्यांनी गच्चीतल्या कुंड्यांत बुटकी जास्वंद, एक्झोरा, क्रोटन अशी झुडपं लावली होती. कुठल्याही महिन्यात एक तरी रंग डोळ्यांना भेटावा, एवढीच हौस.

पण गळलेल्या पानांनी गच्चीचा पाइप तुंबायचा. वैतागलेल्या मुलाने एका दुपारी, मास्तर झोपलेले असताना, सगळी झुडपं उपटली आणि प्लॅस्टिकची खोचली.

"बाबा, नवी जात आणलीय. छाटायची नाही, हात लावायचा नाही. फक्त पाणी घाला."

मास्तर हरखले. रोज झारीने पाणी घालायचे आणि मित्राला फोनवर सांगायचे, "अरे, बारा महिने फुलं! एक पान गळत नाही. शेवटी हाताला यश आलं बघ!"

सून हसू दाबत त्याचे व्हिडिओ काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. नातेवाईक पोट धरधरून हसायचे.

मग मास्तरांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी ते दवाखान्यातून आले ते थेट गच्चीत गेले. खाली मुलगा आणि सून एकमेकांची तोंडं बघत बसले. तासाभराने मास्तर जिना उतरून आले.

मुलाने चाचरत विचारलं, "बाबा, दुसऱ्या डोळ्यासाठी कधीची तारीख घेऊ?"



"राहू दे रे. त्या डोळ्याला तुम्ही अजूनही चांगले दिसता."